आजीच्या माळेतला चांदीचा रुपया ऑनलाईन विकायचाय? आधी हे समजून घ्या

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात कचारगड आहे. गोंड समाजाचं हे मोठं श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेला इथे कोया पुनेम यात्रा भरते आणि गुहेच्या दर्शनाला महाराष्ट्रासह शेजारच्या राज्यांतूनही भाविक येतात. या भागातल्या जुन्या आदिवासी घरांमध्ये चांदीच्या रुपयांच्या माळा अजूनही जपलेल्या असतात. कधी डब्यात, कधी पेटीत ब्रिटिशकालीन सुटी नाणीही सापडतात.

आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे आणि त्यावर ‘हे नाणं असेल तर मिळतील १० लाख’ असे व्हिडिओ फिरत असतात. सोनार चांदीच्या वजनाचा भाव सांगतो, व्हिडिओवाला लाखांचा. मग खरी किंमत कशी ठरते? आणि विकायचं तर कुणाला?

जुनं म्हणजे दुर्मिळ का?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. राणी व्हिक्टोरियाच्या १८६२ सालच्या रुपयाचं उदाहरण घ्या. टांकसाळीने पुढची बरीच वर्षं, १८७४ पर्यंत, नाण्यांवर १८६२ हेच साल ठेवलं. त्यामुळे हे रुपये आजही सहज मिळतात. त्यावरच्या बारीक ठिपक्यांवरून संग्राहक त्यांचे प्रकार ओळखतात आणि भाव त्या प्रकारावर ठरतो.

याउलट पंचम जॉर्जचा १९११ सालचा रुपया पाहा. त्यावर राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि मोठा गहजब झाला. सरकारने ही नाणी मागे घेतली, पुढच्या वर्षी चित्र बदललं. ‘डुकराचा रुपया’ म्हणून तो आज संग्राहकांना हवा असतो. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया तर त्याहून दुर्मिळ. म्हणूनच १९३८ च्या रुपयावरचा शेवटचा आकडा कोरून बनवलेले नकली १९३९ बाजारात फिरतात.

वैष्णोदेवीचं चित्र असलेली २०१२ सालची ५ आणि १० रुपयांची नाणी? ती चलनातली नाणी आहेत. त्यांना लाखो रुपये मिळत नाहीत.

किंमत कशावर ठरते?

तीन गोष्टींवर: नाणं किती कमी मिळतं, ते कोणत्या अवस्थेत आहे आणि ते अस्सल आहे का.

अवस्थेचा फरक फार मोठा असतो. अक्षरं, केसांच्या रेषा, मुकुटाची नक्षी जितकी स्पष्ट तितका भाव जास्त. त्यामुळे विकण्याआधी नाणं चिंच, राख किंवा टूथपेस्टने घासू नये. चकाकी येते, पण संग्राहकाच्या नजरेत नाणं खराब होतं.

माळेतल्या रुपयाचं दुखणं वेगळं. त्याला कडी जोडलेली असते किंवा भोक पाडलेलं असतं. अशा नाण्याचा संग्राहकांमधला भाव बराच उतरतो. कडी काढली तरी डाग राहतो. सर्वसाधारण सालाचा असा रुपया बहुतेक वेळा चांदीच्या भावाच्या आसपासच जातो. पण अख्खी माळ हा जुना दागिना असतो. सुटे रुपये मोकळे करून विकले की तो दागिना कायमचा संपतो. म्हणून माळ तोडण्याआधी निदान एकदा जाणकाराला दाखवावी.

अस्सलपणाची पहिली तपासणी घरीच होते. १९३९ पर्यंतच्या ब्रिटिश चांदीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम असतं आणि त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी असते. म्हणजे एका रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. झीज झाल्यास वजन थोडं कमी भरतं, पण फरक मोठा असेल तर सावध व्हावं. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चे रुपये निकेलचे आहेत.

फारसी अक्षरं दिसली म्हणजे नाणं मुघलांचंच, असंही नाही. नागपूरकर भोसल्यांनी मुघल बादशहाच्या नावाने रुपये पाडले, ईस्ट इंडिया कंपनीनेही तेच केलं.

जमिनीत सापडलेलं नाणं विकता येतं का?

परस्पर विकता येत नाही. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं, तर त्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात आणि सापडलेल्या धनातला वाटाही जातो. चौकशीत मालक नसलेलं धन ठरलं, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश वाटा मिळण्याची तरतूद आहे. सरकार मोबदला देऊन ते स्वतःकडेही घेऊ शकतं.

यात फक्त पैशाचा प्रश्न नाही. गढ्याच्या संग्रामशाहची नाणी आणि देवगडच्या गोंड राजांची तांब्याची नाणी अभ्यासकांना माहीत आहेत. मडक्यात सापडलेली नाणी एकेक करून विकली गेली, की ती कुठे आणि कशासोबत सापडली हे कायमचं पुसलं जातं. गोंड इतिहासाचा लेखी पुरावा आधीच कमी, त्यात ही भर.

शंभर वर्षांहून जुन्या नाण्याला १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होतो. असं नाणं परदेशातल्या संग्राहकाला पाठवणं गुन्हा आहे आणि किमान सहा महिने कैद होऊ शकते. अशा नाण्यांच्या खरेदी-विक्रीचा धंदा करायचा तर परवाना लागतो.

ऑनलाईन विकताना काय पाहावं?

• दोन्ही बाजू आणि कडा यांचे स्पष्ट फोटो द्यावेत. वजन, व्यास, कडी किंवा भोक यांची माहिती लपवू नये.
• भाव ठरवताना लोक किती मागतात ते पाहू नये. लिलावात तसंच नाणं प्रत्यक्षात कितीला गेलं ते पाहावं.
• एकाच व्यक्तीच्या सांगण्यावर विसंबू नये. नागपूर, मुंबई, पुण्यात भरणाऱ्या नाणे प्रदर्शनांत दोन-तीन संग्राहकांना दाखवावं.
• पैसे खात्यात जमा झाल्याचं बँकेत तपासूनच नाणं पाठवावं. समोरच्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नये. पार्सल बंद करतानाचा व्हिडिओ काढावा आणि विम्याची चौकशी करावी.

फसवणूक कशी ओळखायची?

विकणाऱ्याकडेच आधी पैसे मागितले, तर तिथेच थांबा. ‘नोंदणी फी’, ‘जीएसटी’, ‘रिझर्व्ह बँकेचं कमिशन’ अशी नावं सांगितली जातात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की ती अशा व्यवहारात नाही, कमिशन घेत नाही आणि तिने कुणालाही त्यासाठी नेमलेलं नाही. तसंच पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही.

पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता जास्त.