डबेवाल्यांची खूणपद्धती
मुंबईत घरचे जेवण कामाच्या ठिकाणी पोहोचविणाऱ्या डबेवाल्यांची, डब्यावरील खुणांवर आधारलेली कार्यपद्धती. १८९० च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवसायात मावळ, खेड, जुन्नर व आंबेगाव भागांतील शेतकरी कुटुंबांतील माणसे आली. बहुतेकांचे शिक्षण अल्प असल्याने रंग, अक्षरे व अंक यांनी स्थानक, इमारत व मजला दर्शविण्याची रीत रूढ झाली. दादरसारख्या स्थानकावर डबा हात बदलतो, तेव्हा पुढील वाहक खूण वाचूनच काम करतो. वाळवीच्या वारूळबांधणीतील अशा अप्रत्यक्ष सहकार्यास प्येर-पॉल ग्रासे यांनी १९५९ मध्ये ‘स्टिग्मर्जी’ ही संज्ञा दिली. सर्वव्यापी संगणनातही हे तत्त्व वापरतात. मात्र खुणेस वाचणारा माणूस व लोकलगाडी दोन्ही लागतात : मार्च २०२० मध्ये उपनगरी रेल्वे व डबे दोन्ही थांबले आणि अनेक डबेवाले गावी परतले.