टिळक–आगरकर वाद

लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर या दोन मित्रांत १८८० नंतरच्या दशकात पुण्यात झालेला वैचारिक संघर्ष. दोघेही १८५६ चे, दोघेही डेक्कन कॉलेजचे. न्यू इंग्लिश स्कूल (१८८०) आणि केसरी हे वृत्तपत्र (१८८१) ही त्यांच्या एकजुटीची फळे. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या अब्रुनुकसानीबद्दल १८८२ मध्ये दोघांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले.

मिल व स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांच्या वाचनातून आगरकरांनी बुद्धिप्रामाण्य व व्यक्तिस्वातंत्र्य उचलले. रूढी हानिकारक ठरली तर कायद्यानेही ती मोडावी, असे ते म्हणत. हेच ग्रंथकार टिळकांनीही वाचले होते, हे सहसा विसरले जाते. सुधारणेच्या वादात बालविवाहासारख्या रूढीचे समर्थन हा टिळकांचा मुद्दा नव्हता. परक्या सरकारने धर्मात हात घालू नये, सुधारणा लोकशिक्षणाने व्हावी, हा होता. आगरकरांनी १८८७ मध्ये केसरी सोडला आणि १८८८ मध्ये सुधारक हे स्वतःचे पत्र काढले. शाळा चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतही आजीव सभासदांच्या बाहेरच्या कमाईवरून बिनसले, टिळकांनी १८९० मध्ये राजीनामा दिला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने (मुलींच्या शरीरसंबंधाच्या संमतीची वयोमर्यादा १० वरून १२ वर्षे) कटुता टोकाला गेली. सनातन्यांनी तर आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली.

तत्त्वाच्या पातळीवर समेट झालाच नाही. १७ जून १८९५ रोजी आगरकर वारले, तेव्हा केसरीतला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला आणि मतभेद न लपवता जुन्या स्नेह्याच्या बुद्धिमत्तेची थोरवी मान्य केली. पुढे गीतारहस्यात (१९१५) त्यांनी मिल आणि स्पेन्सर यांच्या नीतिविचाराचा सविस्तर परामर्श घेतला.