लहान इंजिन आणि परके इंधन : पेट्रोलवर चालणाऱ्या बागयंत्रांच्या देखभालीचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोध, शोधक आणि शोधाचे वर्ष या तीन गोष्टींना सर्वसाधारणपणे अग्रस्थान दिले जाते. यंत्र तयार झाल्यानंतर ते कोणी वापरले, त्यात कोणते इंधन घातले, ते बिघडल्यावर कोणी उघडले आणि त्याचा धूर कोणाच्या छातीत गेला, हा भाग मात्र बहुधा इतिहासाच्या कक्षेबाहेर राहतो. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात नेमक्या याच उणिवेकडे लक्ष वेधले. शोधाच्या इतिहासाइतकाच वापराचा व देखभालीचा इतिहास महत्त्वाचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

प्रस्तुत निबंधात या दृष्टीने पेट्रोलवर चालणाऱ्या लहान बागयंत्रांचा, म्हणजे गवत कापण्याचे यंत्र, झुडपे कापण्याचे यंत्र, साखळी करवत व पाने उडविण्याचे यंत्र यांचा विचार केला आहे. विषय वरकरणी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि या यंत्रांच्या इतिहासातून एक सूत्र स्पष्टपणे हाती येते : लहान इंजिनाला स्वतःचे इंधन जवळजवळ कधीच मिळाले नाही. मोटारीसाठी आणि मोटारीच्या हिशेबाने ठरविलेले पेट्रोल त्याला वापरावे लागले, आणि या विसंगतीचा भार देखभालीच्या रूपाने वापरणाऱ्यावर पडला. या सूत्राची ऐतिहासिक तपासणी करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

गिरणीतून हिरवळीवर : पूर्वपीठिका

गवत कापण्याच्या यंत्राचा उगम बागेत झाला नाही, तो कापडगिरणीत झाला. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउडजवळ लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरील उभे तंतू एकसारखे छाटण्यासाठी तेथे फिरत्या पात्यांचे यंत्र वापरीत असत. एडविन बडिंग या कारागिराने हेच तत्त्व गवताला लावले आणि १८३० मध्ये पेटंट घेतले. १८३२ पासून इप्सविच येथील रॅन्सम्स या शेती अवजारांच्या कारखान्याने परवाना घेऊन या यंत्राचे उत्पादन सुरू केले.

या काळातील यंत्र माणूस ढकलीत असे. मोठ्या मैदानांवर घोडा किंवा तट्टू जुंपले जाई. देखभाल म्हणजे पात्यांना धार लावणे व सांध्यांना तेल देणे एवढेच होते. १८९३ मध्ये लँकेशायरमधील लेलँड येथील जेम्स सम्नर यांनी वाफेवर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. परंतु बाष्पयंत्र जड होते आणि वाफ धरेपर्यंत थांबावे लागे. १९०२ मध्ये रॅन्सम्स यांनी पेट्रोल इंजिनावर चालणारे यंत्र व्यापारी तत्त्वावर तयार केले. येथून पुढे बागेच्या देखभालीबरोबर इंजिनाची देखभाल हे नवे काम उभे राहिले.

मालकाच्या हाती आलेले इंजिन

प्रारंभीची पेट्रोलयंत्रे मोठी आणि महाग असल्याने ती उद्याने, क्रीडांगणे व जमीनदारांच्या वाड्यांपुरती मर्यादित होती. तेथे यंत्र सांभाळण्यासाठी पगारी माणूस असे. १९२१ मध्ये बर्मिंगहॅम येथील चार्ल्स एच. प्यू या कंपनीने 'अ‍ॅटको' या नावाने यंत्र बाजारात आणले आणि मध्यमवर्गीय घरमालक हा नवा ग्राहक पुढे आला. या ग्राहकाला कार्ब्युरेटर, मॅग्नेटो व स्पार्क प्लग यांची ओळख नव्हती. त्यामुळे यंत्राबरोबर सेवा विकणेही आवश्यक ठरले. अ‍ॅटकोने दुरुस्ती व वार्षिक देखभालीसाठी सेवाशाखांचे जाळे उभारले. हिवाळ्यात गवत वाढत नाही. त्या काळात यंत्र शाखेत पाठवावे, कार्बन काढून व पाती धारदार करून वसंतापूर्वी परत आणावे, असा क्रम रूढ झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे चित्र बदलले. १९५२ मध्ये सिडनीच्या कॉन्कॉर्ड उपनगरातील मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसन यांनी आपल्या घराच्या गॅरेजमध्ये आडवे पाते फिरविणारे हलके यंत्र बनविले. त्याच्या पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून पीच फळांचा रिकामा डबा बसविला होता. यातूनच 'व्हिक्टा' हे नाव घराघरांत पोहोचले. १९५३ मध्ये अमेरिकेतील मिल्वॉकीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीने अ‍ॅल्युमिनियमचे हलके इंजिन आणले. यंत्र स्वस्त व हलके झाले, तसे देखभालीचे काम सेवाशाखेकडून मालकाच्या हाती आले. टाकीतील जुने पेट्रोल काढून टाकणे, प्लग घासणे आणि हवेची गाळणी धुणे ही कामे घरातील माणूस करू लागला.

तेल आणि पेट्रोल यांचे प्रमाण

या यंत्रांपैकी हातात किंवा खांद्यावर धरण्याच्या यंत्रांत टू-स्ट्रोक इंजिन रूढ झाले. इंग्लंडमधील बाथ येथील जोसेफ डे यांनी १८८९ ते १८९२ या काळात त्याची रचना विकसित केली. या इंजिनात तेलाचा वेगळा साठा नसतो. ते कोणत्याही कोनात धरले तरी चालते, हा त्याचा मोठा गुण होय. मात्र वंगणासाठी तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते.

मिश्रणाचे प्रमाण हा या इतिहासातील एक बोलका दुवा आहे. जुन्या इंजिनांना १६ भाग पेट्रोलला १ भाग तेल लागे, म्हणजे एका लिटरला सुमारे ६२ मिलिलिटर. तेलाचा दर्जा सुधारला तसे हे प्रमाण २५ ला १ आणि पुढे ५० ला १ झाले, म्हणजे लिटरला अनुक्रमे ४० व २० मिलिलिटर. तेल कमी पडल्यास दट्ट्या जाम होतो. जास्त झाल्यास प्लग काजळतो व धूर वाढतो. यंत्राचे आयुष्य अशा रीतीने एका लहानशा मापावर अवलंबून राहिले.

या इंजिनाचा दोषही त्याच्या रचनेतच आहे. ताजे मिश्रण आत येत असतानाच जळालेला वायू बाहेर जात असल्याने इंधनाचा मोठा अंश, साधारणतः चतुर्थांश ते तृतीयांश, न जळताच बाहेर पडतो. यंत्र धरणाऱ्याचे नाक या निकासापासून हातभर अंतरावर असते.

शिसे : मोटारीसाठी घेतलेला निर्णय

डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतील डेटन येथे थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड या संयुगाचा गुण आढळला. ते मिसळल्यास अधिक दाबाच्या इंजिनातील ठोके थांबत. फेब्रुवारी १९२३ मध्ये असे पेट्रोल डेटनमध्ये विक्रीस आले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात विषबाधेने कामगार दगावले. मे १९२५ मध्ये झालेल्या परिषदेत औद्योगिक आरोग्याच्या अभ्यासक डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी या संयुगास विरोध केला. तरीही त्याचा वापर पुढे जगभर पसरला.

गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन कमी दाबाचे असल्याने त्याला शिशाची गरज नव्हती. परंतु पंपावर जे पेट्रोल मिळे तेच टाकीत जाई. शिशाचे क्षार प्लगवर बसत, ते खरवडणे हे देखभालीचे काम झाले, आणि निकासातील शिसे परसातील मातीत उतरले. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर १ जानेवारी १९९६ पासून बंदी आली. भारतात फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. अल्जीरियातील विक्री २०२१ मध्ये थांबल्यावर वाहनांसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल जगातून संपले. शिसे आणण्याचा आणि काढण्याचा, असे दोन्ही निर्णय मोटारीकडे पाहून झाले.

स्वीडनमधील अपवाद

लहान इंजिनासाठी स्वतंत्र इंधनाचा विचार स्वीडनमध्ये झाला. तेथील जंगलतोड कामगार दिवसभर साखळी करवत चालवीत. साध्या पेट्रोलमधील बेंझिन व तत्सम घटकांची वाफ आणि धूर यांमुळे डोकेदुखी, मळमळ व डोळ्यांची जळजळ होत असे. बेंझिन हे तर कर्करोगकारकच आहे. १९८० च्या दशकात तेथे अल्किलेट पेट्रोल पुढे आले. तेलशुद्धीकरण कारखान्यातील हलके वायू जोडून ते बनविले जाते. त्यात बेंझिन जवळजवळ नसते आणि ते वर्षानुवर्षे साठवले तरी चिकट होत नाही.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, इंधनाचा प्रश्न प्रथमच यंत्र धरणाऱ्या माणसाच्या बाजूने मांडला गेला. मात्र हे इंधन साध्या पेट्रोलपेक्षा महाग असल्याने त्याचा प्रसार मुख्यतः युरोपपुरता राहिला.

कॅलिफोर्निया : नियमन आणि उपजीविका

कॅलिफोर्नियाच्या वायुसंपदा मंडळाने १९९० मध्ये लहान इंजिनांच्या उत्सर्जनाचे नियम संमत केले व ते १९९५ पासून लागू झाले. अमेरिकेच्या केंद्रीय यंत्रणेचे नियम १९९७ पासून आले. याला समांतर असा दुसरा वाद आवाजाचा होता. लॉस एंजेलिस शहराने निवासी भागात पेट्रोलवर चालणाऱ्या पाने उडविण्याच्या यंत्रांवर बंदी घातली, तेव्हा जानेवारी १९९८ मध्ये तेथील लॅटिन अमेरिकी माळ्यांनी नगरभवनासमोर उपोषण केले. आवाज आणि धूर यांचा सर्वाधिक त्रास ज्यांना होत होता, तेच यंत्र वाचविण्यासाठी उपाशी बसले. कारण यंत्र गेल्यास तेवढ्याच मोबदल्यात दुप्पट श्रम करावे लागतील, ही भीती त्यांना होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्याने कायदा केला आणि त्यानुसार २०२४ पासून तेथे विक्रीसाठी बनणाऱ्या बहुतेक नव्या लहान यंत्रांचे उत्सर्जन शून्य असणे बंधनकारक झाले. पर्यावरणाचा न्याय आणि श्रमाचा न्याय आपोआप एकत्र येत नाहीत, हे या प्रकरणावरून दिसते.

इथेनॉल आणि महाराष्ट्र

महाराष्ट्रात हिरवळीची संस्कृती मर्यादित असली तरी कोकणातील आंबा-काजूच्या बागांत गवत काढण्याची मोठी गरज असते. मजुरांच्या टंचाईमुळे तेथे पेट्रोलवर चालणारे ग्रास कटर सर्रास दिसू लागले आहेत. येथे दोन बाबींचा विचार आवश्यक आहे.

पहिली बाब मिश्रणाची. टू-स्ट्रोक स्कूटर व मोपेड यांच्या काळात पेट्रोल पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल टाकून घेण्याची पद्धत सर्वांच्या परिचयाची होती. ती वाहने मागे पडली, तशी ती सोय आणि त्यामागचे सार्वत्रिक ज्ञानही मागे पडले. आता बागेतील मजूर पाण्याच्या बाटलीत अंदाजाने तेल ओततो. यंत्र जाम झाले की दोष त्याच्या माथी येतो.

दुसरी बाब इथेनॉलची. भारताने जून २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले, २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल विक्रीस आणले आणि २०२५ मध्ये देशपातळीवर ते प्रमाण गाठले. या धोरणाशी ऊस उत्पादक महाराष्ट्राचे हितसंबंध निगडित आहेत, आणि तेलाची आयात कमी करण्याचा त्याचा हेतू योग्यच आहे. परंतु इथेनॉलमध्ये वजनाने सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो. आधुनिक मोटार हवा व इंधन यांचे प्रमाण स्वतः जुळवून घेते. साध्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाला ते शक्य नसते. मिश्रण विरळ होते व इंजिन अधिक तापते. इथेनॉल हवेतील ओलावाही शोषते. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल यांचा थर तळाशी बसतो. टू-स्ट्रोक यंत्रात तेल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते आणि इंजिन तळातून वंगणहीन द्रव ओढते. अमेरिकेने २०१० मध्ये १५ टक्के मिश्रणास नव्या मोटारींसाठी मान्यता देताना लहान इंजिनांना त्यातून वगळले होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

शिवाय थंड प्रदेशासाठी लिहिलेल्या माहितीपुस्तिका हिवाळ्यापूर्वी टाकी रिकामी करण्यास सांगतात. कोकणात यंत्राचा मुख्य हंगाम पावसाळा व त्यानंतरचे काही महिने असा आहे. विश्रांतीचा काळ उन्हाळ्याचा. उष्णतेने पेट्रोलचा हलका अंश उडून जातो, उरलेला चिकट होतो आणि जूनमध्ये यंत्र सुरू होत नाही. पुस्तिकेतील ऋतू येथे लागू पडत नाही, परंतु टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करण्याचे तत्त्व मात्र पूर्णपणे लागू पडते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) पेट्रोलवर चालणाऱ्या बागयंत्रांच्या इंधनाचे स्वरूप बहुतांशी मोटारीच्या गरजेनुसार ठरले. शिसे आणि इथेनॉल ही त्याची दोन ठळक उदाहरणे होत.

२) इंधन व इंजिन यांतील विसंगती देखभालीतून भरून काढली गेली. हे काम प्रथम पगारी माणसाकडे, मग सेवाशाखेकडे, पुढे मालकाकडे आणि आज आपल्याकडे बहुधा मजुराकडे आले. काम खाली उतरत गेले. त्यासाठी लागणारे ज्ञान त्याच वेगाने खाली पोहोचले नाही.

३) स्वीडनच्या उदाहरणावरून असे दिसते की, यंत्र धरणाऱ्या कामगाराचे आरोग्य केंद्रस्थानी ठेवल्यास वेगळे इंधन शक्य असते. लॉस एंजेलिसचे उदाहरण मात्र बजावते की, कामगाराची उपजीविका विचारात न घेता केलेली सुधारणा त्यालाच विरोधक बनविते.

४) मराठी भाषेत, स्थानिक ऋतुमानास अनुसरून लिहिलेल्या देखभालीच्या सूचनांची आज नितांत गरज आहे. तेलाचे माप, इंधन साठवण्याचा कालावधी आणि टाकी रिकामी करण्याची वेळ या तीन गोष्टी यंत्र हाताळणाऱ्या मजुरापर्यंत पोहोचविणे कृषी महाविद्यालये व तंत्रनिकेतने यांना सहज शक्य आहे.

यंत्राचा शोध लावणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. ते चालू ठेवणाऱ्याचे नाव राहत नाही, पण त्याच्या कामाची नोंद राहण्यास काहीच हरकत नसावी. प्रस्तुत निबंध हा त्या दिशेने केलेला एक अल्प प्रयत्न आहे.