सही करण्याआधीचे शब्द



आजची गोष्ट एका सहीपासून सुरू होते. आमच्या एका गटातल्या मावशींनी दिराच्या ट्रॅक्टरच्या कर्जाच्या कागदावर सही केली. "साक्षीदार म्हणून सही हवी," एवढंच त्यांना सांगितलं होतं. कागद सगळा इंग्रजीत. सहीच्या जागेखाली छापलेलं होतं 'गॅरंटर'. साक्षीदाराला इंग्रजीत 'विटनेस' म्हणतात. 'गॅरंटर' म्हणजे जामीनदार. कर्ज घेणाऱ्याने फेडलं नाही तर त्याच्या जागी फेडणारा. दोन वर्षांनी दिराचे हप्ते थकले आणि नोटीस मावशींच्या दारात आली. दोन शेळ्या विकून त्यांनी थकलेल्यातले काही पैसे भरले.

खरं सांगायचं तर सहीच्या दिवशी आम्हीही तिथेच होतो. बी.ए.ला इंग्रजीचा पेपर आम्ही दिला होता, पासही झालो होतो. पण त्या पेपरात 'गॅरंटर' कधी आला नव्हता. आम्ही कागदावरून नजर फिरवली आणि गप्प बसलो. ते गप्प बसणं अजून मनाला लागतं.

म्हणून आज आपण थोडं मागे जाऊ या. आपल्याकडच्या बायका इंग्रजी शिकल्या तरी कशा?

सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली, हे आपल्याला माहीतच आहे. पण १८५४ साली निघालेल्या त्यांच्या 'काव्यफुले' या पुस्तकात इंग्रजी शिका असं सांगणारी कविता आहे, हे फारजणींना ठाऊक नसतं. ज्यांना विद्येचं दार बंद होतं, त्यांच्यासाठी ही भाषा मिरवायची नव्हती, ती दार उघडायची होती.

दुसऱ्या रमाबाई रानडे. जन्म १८६२ चा. १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखसुद्धा नव्हती. नवऱ्याने आधी मराठी शिकवलं, मग इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच आवडत नसे. पुढे हरफर्ड नावाच्या इंग्रज बाई शिकवायला येऊ लागल्या, तर त्यांचा विटाळ म्हणून धडा संपला की रमाबाईंना अंघोळ करावी लागे. एकेका शब्दाला किती पाणी अंगावर घ्यावं लागलं असेल, विचार करा! न्यायमूर्तींची नजर अधू होती, त्यामुळे त्यांना वाचून दाखवणं हे रमाबाईंचं नेहमीचं काम झालं. रोजच्या वाचनात तेच तेच शब्द पुन्हा भेटत, आणि भेटता भेटता ओळखीचे होत. पुढे याच रमाबाईंनी पुण्यात मुलींना हायस्कूल हवं म्हणून गव्हर्नरसाहेबांपुढे इंग्रजीत भाषण वाचलं, आणि १८८४ साली ती शाळा उभी राहिली. बायकांना शिकवून पायावर उभं करणारं पुण्याचं सेवासदन १९०९ साली सुरू झालं, त्यातही त्याच पुढे होत्या. घरात जे सोसलं, ते त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात लिहून ठेवलं आहे.

तिसऱ्या आनंदीबाई जोशी. नवरा पोस्टातला कारकून. गोपाळरावांनी त्यांना शिकवलं, पण शिकवताना हातही उगारला, हेही सांगायला हवं. आनंदीबाईंचं इंग्रजी खरं फुललं ते पत्रांतून. १८८० साली, पंधराएक वर्षांच्या असताना, त्यांचा अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंशी पत्रव्यवहार सुरू झाला. पत्रात काय लिहायचं? आपल्या चालीरीती, सणवार, घर, तब्येत. म्हणजे विषय रोजच्या जगण्यातले, फक्त भाषा नवी. त्या परक्या बाई त्यांच्या मावशीच झाल्या. तीनच वर्षांनी, १८८३ च्या फेब्रुवारीत, बंगालमधल्या सेरामपूरला आनंदीबाई भरसभेत इंग्रजीत बोलल्या आणि आपण अमेरिकेला का जातो आहोत ते सांगितलं. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. १८८७ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, आपल्याला सोडून गेल्या.

या दोघींच्या शिकण्यात एक गोष्ट सारखी आहे. शब्द कामाला जोडलेला होता. एकीला वाचून दाखवायचं होतं, दुसरीला पत्राचं उत्तर द्यायचं होतं.

आणि मैत्रिणींनो, आपल्या आज्या तरी काय वेगळं करत होत्या? १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली एस.टी. धावली. पुढे ती खेड्यापाड्यांत पोचली आणि न शिकलेल्या बाईच्याही तोंडी 'यष्टी', 'टिकीट', 'श्टँड' बसले. दवाखान्यातून 'सलाईन' आणि 'इंजेक्शन' आले. त्याआधी पोर्तुगिजांकडून बटाटा, पाव, चावी, पगार आले, ते तर आज परके वाटतही नाहीत. जी वस्तू हातात आली, तिचा शब्द जिभेवर आला. पाठांतर कुणीच केलं नाही.

मग अडतं कुठे? १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. तेव्हापासून आपण बँकेच्या पायऱ्या चढलो, पासबुक हातात आलं. पण कागदावरचे शब्द दुसऱ्याच्याच तोंडी राहिले. "इथे सही करा," एवढंच आपल्या वाट्याला आलं.

मावशींच्या नोटिशीनंतर आम्ही गटाच्या बैठकीत एक रीत सुरू केली. महिन्याला पाच शब्द, तेही खऱ्या कागदावरून. पहिल्या महिन्यात विड्रॉल स्लिप मधे ठेवली. डिपॉझिट म्हणजे भरणं, विड्रॉल म्हणजे काढणं. पासबुकात क्रेडिट म्हणजे जमा, डेबिट म्हणजे वजा, बॅलन्स म्हणजे शिल्लक. मग कर्जाचा फॉर्म घेतला. त्यात बॉरोअर म्हणजे कर्जदार, गॅरंटर म्हणजे जामीनदार, विटनेस म्हणजे साक्षीदार, नॉमिनी म्हणजे आपल्या मागे पैसे ज्याच्या हाती द्यायचे ती आपण नेमलेली व्यक्ती, ड्यू डेट म्हणजे हप्ता भरायची शेवटची तारीख. एकीने कारकून व्हायचं, दुसरीने विचारायचं. "हे काय लिहिलंय? वाचून दाखवा. कागदाची एक प्रत मला द्या." हसत-खेळत तासभर जातो, पण शब्द घरापर्यंत सोबत येतात.

मावशींच्या डोक्यावरचं ओझं अजून पुरतं उतरलेलं नाही. शब्द उशिरा कळला, त्याची किंमत त्या भरताहेत. पण परवा दुसऱ्या एका कामाच्या कागदावर त्यांनी सहीच्या जागेखालच्या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे विटनेस आहे की गॅरंटर?" समोरच्या माणसाला चष्मा लावून वाचावं लागलं. या वेळी आम्हीही गप्प नव्हतो, सोबत वाचत होतो.

पुढच्या बैठकीला येताना घरातला एक इंग्रजी कागद घेऊन या. लाइट बिल चालेल, औषधाची चिठ्ठी चालेल, विम्याची पावती चालेल. त्यातले पाच शब्द आपण सगळ्या मिळून वाचू.