एरिथचं मरण आणि रीमेक

मागच्या वेळी आपण थीसियसच्या जहाजापाशी थांबलो होतो. आज तोच प्रश्न एका जपानी व्हिडिओ गेमबद्दल विचारू. ‘फायनल फँटसी सेव्हन’ १९९७ चा. त्यातली एरिथ मधेच मारली जाते. खेळणारी मुलं रडली होती. २००५ मध्ये प्लेस्टेशन ३ साठी नुसती एक झलक दाखवली, आणि चाहते नव्या आवृत्तीसाठी मागेच लागले. रीमेक आला २०२० साली. गंमत बघा, त्यात झगेवाली भुतं आहेत. कथा मूळ वाटेवरून ढळली की आडवी येतात. शेवटी नायकमंडळी त्यांनाच हरवतात! काही चाहते खूश झाले, काही चिडले. चिडलेल्यांचं म्हणणं मला पोरकट वाटत नाही. एरिथ कदाचित वाचेल म्हटल्यावर तेव्हाच्या त्या रडण्याचं काय करायचं?