वळणाची वंशावळ

“फाइल कर्व्ह केलीय ना?” हा प्रश्न वराळ्यास राहावयास आल्यापासून मी तळेगावातील अनेक दुकानांतून ऐकला आहे. विचारणारा कधी लग्नपत्रिका जुळविणारा असतो, कधी फ्लेक्स छापणारा, तर कधी टेंपोच्या दर्शनी काचेवर आईच्या कृपेचे चार शब्द रेडियममध्ये कापून चिकटविणारा. परंतु अक्षरांचे अक्षरपण काढून घेऊन त्यांच्या केवळ कडा, म्हणजे निव्वळ वक्ररेषा, यंत्राच्या हवाली केल्याखेरीज त्यांपैकी एकाचेही काम पुढे सरकत नाही. हा दंडक मोडल्याची शिक्षा मी एकदा भोगली आहे. घरच्या मंगलकार्याची पत्रिका तशीच पेनड्राइव्हवर घालून दिली, आणि दुसऱ्या दिवशी हाती आलेल्या नमुन्यात कुलदैवताच्या नावापासून ‘कृपया आहेर आणू नये’ या विनंतीपर्यंत सर्वत्र परकी चिन्हे आणि रिकामे चौकोन यांचा बाजार भरलेला दिसला. दोष छापणाऱ्याचा नव्हता. माझा फॉन्ट त्याच्या संगणकात नव्हता, एवढेच.

आपल्या भाषेने रस्त्याच्या मोडणीला, मुलाच्या शिस्तीला आणि हस्ताक्षराच्या घाटाला ‘वळण’ हा एकच शब्द दिला आहे, यात मला नेहमीच काही शहाणपण दिसते. कोरलड्रॉसारख्या संगणकावरील चित्रसाधनात मॅक्रो, म्हणजे यंत्राला द्यावयाच्या सूचनांची माळ, लिहून वक्राकृती काढण्याच्या आजच्या विद्येची वंशावळ मांडू लागले, तर ती १९८९ च्या जानेवारीत, म्हणजे कॅनडातील ओटावा येथे ते साधन प्रथम विक्रीस आले तेव्हा, सुरू होत नाही. तिचा एक अतिशय जुना पुरुष आमच्याच तालुक्यात, कार्ल्याच्या डोंगरात बसलेला आहे.

तेथील महाचैत्य सुमारे १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद असून, वैजयंतीच्या भूतपाल नामक श्रेष्ठीने तो सिद्धीस नेल्याचे शिलालेख सांगतो. प्रवेशद्वारावरची ती घोड्याच्या नालेसारखी कमान पाहताना मनात येते की, अखंड पाषाण कोरून काढलेल्या छताला कमानीचे काय प्रयोजन? डोंगर स्वतःच भार पेलतो आहे. त्याला फासळ्या नकोत, तुळया नकोत, वाकणेही नको. तरीही छताच्या पोटाशी सागवानाच्या वाकदार फासळ्या ओळीने बसविलेल्या आहेत, आणि त्या मूळच्या आहेत. लाकडाच्या मंडपांत जे वळण हाताला लागले, ते दगडात शिरतानाही हाताने सोडले नाही. त्याच लेण्यातील दुसरा एक लेख सांगतो की, प्रवेशद्वाराचे हे काम धेनुकाकटच्या वेणुवासपुत्र सामी नावाच्या ‘वढकी’ने, म्हणजे सुताराने केले. दगडाच्या दारावर नाव सुताराचे, ही गोष्ट माझ्या मते त्या कमानीचे सर्वोत्तम भाष्य होय.

लाकूड आणि वक्ररेषा यांचे हे नाते पुढेही तुटले नाही. युरोपातील जहाजबांधणीच्या कारखान्यांत जमिनीवर पूर्ण मापाचे आराखडे काढताना लवचिक लाकडाची बारीक पट्टी शिशाच्या वजनांनी ठिकठिकाणी दाबून धरीत, आणि ती पट्टी आपल्या स्वभावाने जशी वाके तशी रेषा ओढीत. त्या पट्टीचे नाव स्प्लाइन; गणितातील स्प्लाइन तिच्यावरूनच आली. मोटारीच्या पत्र्याला घाट देण्यासाठी पॉल द कास्तेल्जो यांनी सित्रोएन कंपनीत १९५९ साली हेच काम आकड्यांवर आणले. परंतु कंपनीने ते गुपित म्हणून दफ्तरात बांधून ठेवल्यामुळे, रेनॉ कंपनीत तोच मार्ग स्वतंत्रपणे काढून तो प्रसिद्ध करणाऱ्या पिएर बेझिए यांचे नाव त्या वक्राला लाभले. दोन टोकांचे बिंदू, आणि रेषेला आपल्याकडे ओढणारे पण तिच्यावर नसणारे दोन नियंत्रक बिंदू, एवढाच त्याचा संसार. शिशाची वजने गेली, ओढ राहिली.

इकडे महाराष्ट्रात वळणाची शिस्त कारकुनांच्या हाती होती. मोडीत चिटणिसी, रानडी अशी वळणे नावाजलेली होती, आणि उमेदवार कारकून कित्ता गिरवून गिरवून ती बोटांत मुरवीत असे. छापखाना आल्यावर ती मक्तेदारी ठसे कोरणाऱ्याकडे गेली. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती ज्या सुरेख टायपामुळे झाली, तो राणोजी आरू यांच्या पोलादावरील हातकामाचा प्रसाद होता. हाताऐवजी सूचनेने अक्षर घडविण्याचा ध्यास घेतला तो स्टॅनफर्डच्या डोनाल्ड क्नूथ यांनी. १९७७ साली स्वतःच्या ग्रंथाची मुद्रिते पाहून असमाधानी झालेल्या या गणितज्ञाने मेटाफॉन्ट ही मॅक्रोंची भाषा रचली, आणि रोमन लिपीतील ‘एस’ या एका अक्षराने त्यांना इतके दमविले की, १९८० साली त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागला. आमचे ‘ळ’ त्यांच्या वाट्यास आले नाही, हे त्यांचे भाग्य. त्याच स्टॅनफर्डमधून १९८३ साली पिजुष घोष यांचा भारतीय लिप्यांच्या अक्षररचनेवरील अहवाल निघाला, आणि १९९१ साली फ्रान्स वेल्थुइस या डच गृहस्थांनी मेटाफॉन्टमध्ये देवनागरीचा संच सिद्ध केला. मराठी कारकुनाचा कित्ता हॉलंडात गिरवला गेला म्हणावयाचे.

कोरलमधला मॅक्रो हा त्याच कित्त्याचा धाकटा भाऊ. ऑल्ट आणि एफ-अकरा या कळा दाबल्या की संपादकाची खिडकी उघडते. पत्रिकेच्या किनारीची कोयरी घ्या: टोकाशी एक, पोटाशी एक आणि मानेच्या मोडणीशी एक असे तीन नोड, म्हणजे वक्रखंडांचे सांधे, मांडले, तर आरंभबिंदूचे दोन आकडे आणि तीन वक्रखंडांचे प्रत्येकी सहा, मिळून वीस आकड्यांत कोयरी उभी राहते. पंधरा-पंधरा अंशांनी फिरवून तीच चोवीस वेळा काढावी असा हुकूम दिला, की क्षणार्धात चक्र पुरे होते. मात्र पहिले वीस आकडे कोणी सांगत नाही. पोटाचा नोड केसभर वर सरकला तर कोयरीचे वांगे होते, आणि यंत्र चोवीस वांगी तितक्याच निष्ठेने काढून देते.

बेझिए यांच्या या वक्राला पूर्ण वर्तुळ कधीच साधत नाही. चार खंड जोडून, नियंत्रक बिंदू त्रिज्येच्या ०.५५२३ पट अंतरावर ठेवले, तर जे मिळते ते वर्तुळासारखे दिसते इतकेच. शंभर मिलिमीटर त्रिज्येमागे ते जास्तीत जास्त ०.०२७ मिलिमीटर चुकते. खुंटीला दोरी बांधणाऱ्या गवंड्याला जे अनायासे जमते, ते येथे केवळ जवळपास जमते. रेडियम कापणाऱ्याच्या सुरीला हा फरक कळत नाही, म्हणून कोणी तक्रार करीत नाही.

एकवीरेच्या दर्शनास कार्ल्याला जाणाऱ्यांनी नवस फेडून झाल्यावर देवळाशेजारच्या चैत्यात शिरावे आणि पाच मिनिटे मान वर करून उभे राहावे. सागाच्या त्या फासळ्या अजून जागेवर आहेत.