माळावरचीं जुनीं विमानें

कोल्हापूरच्या पूर्वेस उजळाईवाडीचा माळ आहे. छत्रपति राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत, १९३९ सालीं, त्या माळावर संस्थानचा विमानतळ सिद्ध झाला. पुढच्याच वर्षीं नोव्हेंबरांत महाराज निवर्तले. माळ मात्र राहिला. परंतु त्या काळीं आपल्या आकाशांत जीं विमानें फिरत, त्यांचें काय झालें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. त्यांतलीं पुष्कळशीं विलायती बनावटीचीं होतीं, आणि त्यांची कथा विमानतळांच्या कथेहून अधिक करुण आहे.

आरंभ टपालापासून झाला. १९२९ च्या मार्चअखेर लंडनहून कराचीपर्यंत इंपीरियल एअरवेज कंपनीचें हवाई टपाल सुरू झालें. तें टपाल कराचीहून पुढें दक्षिणेंत नेण्याचें काम टाटांनीं अंगावर घेतलें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून ‘पस मॉथ’ या डी हॅविलंड कंपनीच्या लहानशा विमानांतून निघाले, आणि अहमदाबादेस पेट्रोल घेऊन जुहूस उतरले. पेट्रोलचे डबे विमानापाशीं बैलगाडीनें आले होते, असें सांगतात. जुहूहून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तेंच टपाल बळ्ळारीमार्गें मद्रासेस पोहोंचविलें. नकाशावर मुंबईहून बळ्ळारीस सरळ रेघ ओढली तर ती जतच्या आसपासच्या मुलखावरून जाते. आपल्या दक्षिण महाराष्ट्राचा या उद्योगाशीं संबंध पहिल्या फेरीपासूनचा आहे, तो असा. विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें. नदी, रेल्वेचा रूळ, डोंगराची धार, एवढ्याच खुणा. पावसाळ्यांत जुहूची जागा पाण्याखालीं जाई, तेव्हां मुक्काम पुण्यास हलवावा लागे. पहिल्या वर्षांत या सेवेनें एक लाख साठ हजार मैलांची मजल मारली आणि प्रवासी नेले अवघे १५५!

मग हीं यंत्रें गेलीं कोठें? लोखंडी नांगर शंभर वर्षें टिकतो. लाकूड आणि कापड यांस तें भाग्य नसतें. ‘पस मॉथ’चा सांगाडा पोलादी नळ्यांचा असला तरी पंख लाकडी व कापडानें मढविलेले, त्यामागून आलेल्या ‘लेपर्ड मॉथ’चें तर धडही लाकडी फळ्यांचें. सरसाचे सांधे आपल्याकडील उष्णतेनें व पावसाच्या दमटपणानें सुटत. दुसरें कारण अधिक कठोर आहे. राजाचा रथ राजाचा असतो, म्हणून तो राजवाड्यांत राहतो. प्रवासी विमान कंपनीचें असतें. त्याची किंमत दरवर्षीं वहींत उतरते आणि ती शून्यावर आली कीं तें मोडींत जातें. व्यापारी माणसास यांत दोष देतां येत नाहीं, पण इतिहासाचें नुकसान व्हावयाचें तें होतेंच.

मोठ्या विमानांची गत याहून निराळी झाली नाहीं. इंपीरियल एअरवेजसाठीं हँडले पेज कंपनीनें चार एंजिनांचीं आठ भव्य विमानें बांधलीं होतीं. वेग ताशीं शंभर मैलांच्या घरांत, पण बैठक आगगाडीच्या पहिल्या वर्गासारखी. त्यांतलें ‘हेंजिस्ट’ १९३७ सालीं कराचींत जळालें. ‘हॅनिबल’ १ मार्च १९४० रोजीं ओमानच्या आखातावर नाहींसें झालें; त्यांत मद्रासचे सर ए. टी. पन्नीरसेल्वम होते. उरलेल्यांपैकीं दोन त्याच महिन्यांत इंग्लंडांत वादळानें मोडलीं. आठांपैकीं आज एकही शिल्लक नाहीं. विलायतेंतील लोक जुन्या वस्तूंविषयीं फार दक्ष असतात असा आपला समज आहे. येथें तो खरा ठरत नाहीं. पुढच्या पिढीबाबत मात्र त्यांनीं जागरूकता दाखविली. ‘ड्रॅगन रॅपिड’ जातीचीं कांहीं विमानें तेथें अद्याप उडतात, आणि स्कॉटलंडमधील ईस्ट फॉर्च्यून येथल्या संग्रहालयांत एक ‘पस मॉथ’ व एक ‘कॉमेट’ जपून ठेविलेलें आहे.

आपल्याकडे ही स्मृति जपली ती एका माणसानें, आणि तीही उडूनच. १९६२ सालीं टाटांनीं तोच कराची-मुंबई मार्ग पुन्हां आक्रमिला. १९८२ च्या ऑक्टोबरांत, पन्नास वर्षें पुरीं झालीं तेव्हां, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं ते पुन्हां निघाले. दोन्ही वेळां विमान ‘पस मॉथ’ नव्हतें, ‘लेपर्ड मॉथ’ होतें. कराची तोंवर परक्या राज्यांत गेली होती. व्हिन्सेंट १९४२ सालींच महायुद्धांत विमानप्रवासांत नाहींसे झालेले. पहिल्या फेरीच्या दोघां वैमानिकांतील एकटाच मागें उरला होता.

उजळाईवाडीस २०२४ सालीं नवी इमारत उघडली. तिच्या दगडी कमानींखालून जाणाऱ्या प्रवाशाला कोल्हापूरच्या जुन्या वाड्यांची आठवण व्हावी अशी तिची घडण आहे. तेथेंच एखाद्या ‘मॉथ’ची लाकडी प्रतिकृति टांगावयास मोठा खर्च येणार नाहीं, कोल्हापुरांत सुतारांची वाण नाहीं, आणि मूळ विमानाचे पंख तरी सुतारकामाचेच होते.